डोंगराचा रंग कोणता?



सुरुवातीला एक छोटंसं काम देते. डोळे मिटा आणि मनातल्या मनात एक डोंगर काढा. घाई नाही, रंगवासुद्धा.

झालं? आता मी सांगते तुम्ही काय काढलंत. दोन त्रिकोण. त्यांच्यामधून वर येणारा अर्धा सूर्य. डोंगरातून निघून थेट आपल्याकडे वाहत येणारी नदी. नदीच्या काठी कौलारू घर, बाजूला नारळाचं झाड, आणि आकाशात मराठी चार आकड्याला दोन्ही बाजूंनी ओढल्यासारखे चार-पाच पक्षी. हसताय म्हणजे बरोबर आहे. मीही हाच डोंगर काढत मोठी झाले. माझं बालपण वर्ध्यात गेलं. आमच्या घराच्या गच्चीवरून असा एकही डोंगर दिसत नाही आणि नारळाचं झाड तर शोधावं लागतं. तरी वहीच्या पानोपानी तोच देखावा.

आज मी तुम्हाला एका वेगळ्या डोंगराची गोष्ट सांगणार आहे. तो सात वर्षांच्या एका मुलीने काढला होता, आणि मी तो बिघडवला.

बारावीनंतर मी दिल्लीला शिकायला गेले. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घातलं. 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झालेली ही योजना तुमच्यापैकी अनेकांनी केली असेल. वर्षाला 120 तास, दोन वर्षांत 240. कोणी झाडं लावतं, कोणी रक्तदान शिबिर भरवतं. मला विचारलं, तुला काय येतं? मी म्हटलं, चित्रकला. कारण माझ्याकडे पुरावा होता. आपल्या महाराष्ट्रातल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा मी दिल्या होत्या, आणि इंटरमिजिएटला 'ए' ग्रेड होती. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. दहावीला त्याचे जादा गुणही मिळाले होते. पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवायला आणखी काय लागतं?

2023 च्या ऑगस्टमध्ये दर शुक्रवारी मी एका प्राथमिक शाळेत जाऊ लागले. विश्वविद्यालय स्टेशनवरून मेट्रोच्या यलो लाइनवर पाच स्टेशनं गेलं की जहांगीरपुरी. तिथून ई-रिक्षा. रिक्षा वळली की समोर भलस्वा दिसतं. ज्यांनी ते पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भलस्वा हा दिल्लीच्या उत्तरेकडचा कचऱ्याचा ढीग. 1994 पासून शहराचा कचरा तिथे टाकला जातोय. आपण ढीग म्हणतो तेव्हा कमरेएवढा काहीतरी डोळ्यांसमोर येतं. हा एके काळी साठ मीटरच्याही वर गेला होता. कुतुबमिनार 73 मीटरचा आहे, म्हणजे अंदाज करा. त्याच्यावर जायला ट्रकांचा रस्ता आहे, वळणावळणाचा, घाटासारखा. वरती सतत घारी फिरत असतात. दिल्लीत असे तीन मोठे ढीग आहेत, गाझीपूर, ओखला आणि भलस्वा.

माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांचं घर त्याच्या आसपास होतं. कोणाचे वडील ई-रिक्षा चालवायचे, कोणाची आई कोठ्यांमध्ये घरकाम करायची, आणि कित्येकांच्या घरी कचरा वेचून, निवडून विकण्याचं काम चालायचं. ही मुलं प्लास्टिक हाताने चुरगाळून, आवाजावरून सांगायची की हे विकलं जाईल आणि हे नाही. मला ते आजही येत नाही.

वर्गात 42 मुलं. माझ्याकडे 50 मिनिटं. पहिल्या दिवशी मी जलरंग नेले. ही माझी पहिली चूक, आणि इथे बसलेल्या कोणालाही हे काम करायचं असेल तर लिहून घ्या: 42 मुलं आणि जलरंग एका खोलीत आणायचे नाहीत, निदान पहिल्या दिवशी. दहाव्या मिनिटाला पाणी सांडलं, पंधराव्या मिनिटाला कोणीतरी ते प्यायलं, आणि तिसाव्या मिनिटाला सगळ्या रंगांचा मिळून एकच रंग झाला. पुढच्या शुक्रवारी मेणाचे खडू नेले. तेव्हा कळलं की लाल आणि निळा खडू आठवड्यात संपतो आणि पांढरा खडू वर्षभर तसाच राहतो. पांढऱ्या कागदावर पांढऱ्याचं काय करणार? हा पांढरा खडू लक्षात ठेवा, तो परत येणार आहे.

तिसऱ्या की चौथ्या शुक्रवारी मी विषय दिला, "पहाड़". फळ्यावर नमुना म्हणून आपला तोच देखावा काढला. दोन त्रिकोण, सूर्य, नदी. मुलं कामाला लागली.

मागच्या रांगेत एक मुलगी बसायची. तिचं नाव सांगणार नाही. फार बोलायची नाही, पण खडू असा धरायची की जणू भाजी चिरतेय. तिने एकच डोंगर काढला. कागदभर. त्रिकोण नाही, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. राखाडी खडू नव्हता, म्हणून तिने काळा हलक्या हाताने घासून वर तपकिरी फिरवला होता. डोंगरावर एक वाकडीतिकडी रेघ वर जात होती आणि तिच्यावर चौकोन. वर जाडजूड काळे पक्षी, पंख पसरलेले. आणि खाली, पायथ्याशी, लाल-नारिंगी ठिपके.

मी तिच्याजवळ गेले. फोनवर एक फोटो काढला, कारण अहवालाला फोटो लागतील असं माझ्या डोक्यात होतं. मग तिच्या शेजारी बसले आणि म्हटलं, "कितनी अच्छी फूलों की क्यारी है! लेकिन पहाड़ हरा होता है ना?" आणि तिच्या हातातून खडू घेतला. हिरवा. तिच्या डोंगरावरून फिरवला. काळे पक्षी "जास्तच मोठे" झाले होते म्हणून त्यांच्या बाजूला माझे चार आकड्यासारखे नाजूक पक्षी काढून दाखवले. कोपऱ्यात सूर्य काढला. मला आठवतंय, मला मनापासून वाटत होतं की मी मदत करतेय.

ती काही बोलली नाही. बघत राहिली. पुढच्या शुक्रवारी कागद वाटला, तशी ती उठून माझ्याकडे आली आणि कागद माझ्यासमोर धरून म्हणाली, "दीदी, आप बना दो।"

मला तेव्हा काय वाटलं, खरं सांगू? बरं वाटलं. मुलांना दीदीचं चित्र आवडतं! मी काढून दिलं. मग शेजारचा मुलगा आला, त्याच्यामागे आणखी दोघं. महिन्याभरात रांग लागायला लागली. मी आकृत्या काढायची, ती रंगवायची. वर्गाच्या भिंतीवर आम्ही 42 डोंगर लावले. सगळे हिरवे, सगळ्यांच्या मधून सूर्य. बघणारे म्हणायचे, मुलं किती छान शिकली! खरं तर त्या भिंतीवर 42 मुलांची चित्रं नव्हतीच. एकाच बाईचं चित्र 42 वेळा लावलेलं होतं.

मग नोव्हेंबर आला. दिल्लीचा नोव्हेंबर म्हणजे काय ते तुम्ही बातम्यांत बघता. त्या वर्षी महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात हवा इतकी वाईट झाली की प्राथमिक शाळा बंद ठेवल्या गेल्या. दिवाळीही त्याच सुमारास होती. मी होस्टेलच्या खोलीत खिडकी बंद करून अहवाल लिहायला बसले आणि फोनमधले फोटो चाळायला लागले. तिथे तो डोंगर सापडला. माझा हात लागण्याआधीचा.

दोन महिन्यांनंतर, शांतपणे, मी ते चित्र पहिल्यांदा पाहिलं. वर जाणारी वाकडी रेघ म्हणजे रस्ता. चौकोन म्हणजे ट्रक. काळे पक्षी म्हणजे घारी, आणि घारी मोठ्याच असतात. मी दर शुक्रवारी ज्याच्याजवळून रिक्षाने जात होते, तोच हा डोंगर. तिने आयुष्यात पाहिलेला एकमेव डोंगर. पण पायथ्याची ती फुलं?

शाळा उघडल्यावर मी वर्गाच्या मॅमना फोटो दाखवला. त्या म्हणाल्या, "ये फूल नहीं हैं। ये आग है।" एप्रिल 2022 मध्ये भलस्व्याच्या ढिगाला मोठी आग लागली होती आणि कित्येक दिवस ती धुमसत होती. धुरामुळे आसपासच्या लोकांचे फार हाल झाले. तेव्हा ही मुलगी सहा वर्षांचीही नव्हती. तिने ती आग लक्षात ठेवली होती. कोणी न सांगता, माझ्या फळ्यावरच्या खोट्या देखाव्याकडे न बघता, तिने ती कागदावर मांडली होती. आणि मी तिला "फूलों की क्यारी" म्हणून त्यावर हिरवा रंग फासला.

माझ्या 'ए' ग्रेडने मला हे शिकवलं नव्हतं. म्हणून मी ग्रंथालयात गेले. तिथे 'आर्ट: द बेसिस ऑफ एज्युकेशन' नावाचं नॅशनल बुक ट्रस्टचं एक पुस्तक मिळालं. लेखक देवी प्रसाद. उघडते तर काय, सेवाग्राम! माझ्या घरापासून आठ किलोमीटर. शाळेच्या सहली तिथेच जायच्या, बापू कुटी मी कितीदा पाहिली असेल. पण हे कोणी सांगितलं नव्हतं, की शांतिनिकेतनात नंदलाल बोस यांच्याकडे शिकलेला हा तरुण 1944 मध्ये सेवाग्रामला आला आणि 1962 पर्यंत नई तालीमच्या शाळेत मुलांना चित्रकला शिकवत होता. गावातल्या मुलांना, गेरू, माती, कोळसा, जे हाताशी असेल ते देऊन. पुढे मोठे कुंभारकाम करणारे कलाकार म्हणून ते ओळखले गेले आणि आयुष्याच्या शेवटच्या काळात दिल्लीतच होते. 2011 मध्ये ते गेले. म्हणजे मी वर्धा सोडून दिल्लीला आले, आणि दिल्लीत मला वर्धा सापडलं.

त्या पुस्तकाने मला सांगितलं ते थोडक्यात असं. मुलाचं चित्र हे मोठ्यांच्या चित्राचं कच्चं रूप नसतं. ते त्या वयाचं पूर्ण चित्र असतं. आपण मुलांना चित्रकार बनवायला चित्रकला शिकवत नाही. माणूस म्हणून वाढायला ती लागते, म्हणून शिकवतो. आणि शिक्षकाचं सगळ्यात अवघड काम म्हणजे आपली आवड-निवड मुलावर न लादणं.

मग मी वाचतच गेले. व्हिएन्नामध्ये फ्रांट्स चिझेक नावाच्या शिक्षकाने 1897 मध्येच मुलांसाठी असा वर्ग काढला होता, जिथे मोठ्यांची नक्कल करायची सक्ती नव्हती. व्हिक्टर लोवेनफेल्डचं 1947 सालचं पुस्तक वाचलं. मूल आधी नुसत्या रेघोट्या मारतं. मग गोळ्याला थेट हातपाय फुटतात, पोट नसतंच. सात वर्षांच्या आसपास कागदाच्या खाली जमिनीची एक रेघ येते आणि सगळी माणसं, घरं, झाडं तिच्यावर उभी राहतात. या वयात मूल जे दिसतं त्यापेक्षा जे माहीत असतं ते काढतं. आई घरात आहे हे माहीत आहे, म्हणून भिंतीतून आई दिसते. भूक लागली असेल तर पोटात पोळी दिसते. जे महत्त्वाचं ते मोठं. घारी मोठ्या का होत्या, याचं उत्तर मला 75 वर्षांपूर्वीच्या पुस्तकात मिळालं. तयार आकृत्या रंगवायला देण्यावर लोवेनफेल्डचा राग होता. त्याने मुलाचा स्वतःच्या चित्रावरचा विश्वास जातो, असं तो म्हणायचा. मला पटवून द्यायची गरज नव्हती. माझ्यासमोर रांग उभी होती: "दीदी, आप बना दो।"

विश्वास घालवायला मला एक तास पुरला होता. तो परत यायला किती लागेल, कोणास ठाऊक.

डिसेंबरपासून मी स्वतःला चार नियम घालून घेतले. पहिला, वर्गात माझ्या हातात खडू नाही. फळ्यावर नमुना नाही, मुलाच्या कागदावर तर मुळीच नाही. दुसरा, खोडरबर बंद. चुकलेली रेघ तशीच राहील, तिचं काहीतरी होईल. तिसरा, "हे काय आहे?" असं विचारायचं नाही, कारण त्यात "ओळखू येत नाही" असं लपलेलं असतं. विचारायचं, "यहाँ क्या चल रहा है?" आणि मग गप्प बसायचं. चौथा, मूल जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत चित्राच्या मागे पेन्सिलने लिहायचं. माझी हिंदी शुद्ध करून नाही, त्याची जशी असेल तशी.

पहिले काही शुक्रवार फार वाईट गेले. मुलं कोरा कागद घेऊन बसून राहायची. काही रडलीसुद्धा. एकाने सरळ सांगितलं, पहले वाली दीदी अच्छी थी. पहिली दीदीही मीच होते! मी पाठकोरे कागद, जुनी वर्तमानपत्रं, पुठ्ठ्याची खोकी नेऊ लागले, कारण कोऱ्या पांढऱ्या कागदाची मुलांना भीती वाटते हे लक्षात आलं. पुठ्ठ्यावर कोणी घाबरत नाही. कोळसा नेला, चुना नेला, घरून येताना हळद आणि नीळ नेली. हळदीत चुना घातला की ती लाल होते, हे पाहून वर्ग पाच मिनिटं नुसता ओरडत होता.

हळूहळू चित्रं यायला लागली. एकाने वडिलांची ई-रिक्षा काढली आणि तिला अकरा चाकं. विचारलं तर म्हणाला, ती फार फिरते. चित्रामागे मी तेच लिहिलं. एकीने भाऊ काढला, घराएवढा, आणि स्वतःला त्याच्या खिशात. पण मागच्या रांगेतली ती मुलगी काहीच काढत नव्हती. खडू नीट लावून ठेवायची, इतरांना कागद वाटायची. मी तिला काही म्हटलं नाही. मला भीती वाटत होती की मी पुन्हा काहीतरी बिघडवीन.

जानेवारीतला एक शुक्रवार. दिल्लीत दाट धुकं होतं, शाळेच्या फाटकातून वर्गाचं दार दिसत नव्हतं. मुलं कमी आली होती. मी तपकिरी पुठ्ठे वाटले आणि विषय काहीच दिला नाही. थोड्या वेळाने पाहते तर ती मुलगी खोक्यात हात घालून पांढरे खडू गोळा करत होती. वर्षभर कोणी न वापरलेले. तिने ते पुठ्ठ्यावर आडवे घासायला सुरुवात केली. घासतच राहिली. सगळा पुठ्ठा पांढरट झाला, आणि मधे कुठेतरी तपकिरी रंगाची एक लहानशी आकृती उरली, दप्तर घेतलेली. धुक्यातून शाळेत येणारी मुलगी. तिने आकृती काढलीच नव्हती. धुकं काढलं होतं आणि मुलगी शिल्लक ठेवली होती.

मी शेजारी जाऊन बसले. वाकून बघताना माझा हात पुठ्ठ्याच्या कडेला टेकला असेल. तिने न बघता माझा हात उचलून बाजूला ठेवला आणि म्हणाली, "दीदी, आप मत छूना।"

राष्ट्रीय सेवा योजनेचं प्रमाणपत्र माझ्या कपाटात आहे. पण माझ्या दोन वर्षांचं खरं प्रमाणपत्र ते वाक्य आहे.

त्या दिवशी वर्ग संपल्यावर मी तिला फोनमधला डोंगराचा फोटो दाखवला आणि म्हटलं, हा तुझा होता, मी त्यावर रंग लावायला नको होता, माझं चुकलं. तिने फोटो नीट पाहिला. मला वाटलं काहीतरी मोठं बोलेल. ती म्हणाली, "अब ये इतना बड़ा नहीं है। मशीन लगी है।" खरंच, जुना कचरा चाळून ढीग कमी करण्याचं काम तिथे सुरू होतं. मी माझ्या अपराधात अडकले होते आणि ती डोंगराची ताजी खबर देऊन दप्तर उचलून निघून गेली.

आता शेवटची गोष्ट, जी मला अजून टोचते. माझे तास संपले. परीक्षा आल्या, मी शाळेत जाणं थांबवलं. आमच्यासारखे स्वयंसेवक येतात आणि जातात. मुलं मात्र तिथेच असतात. दर वर्षी एक नवी दीदी, नवा उत्साह, आणि कदाचित फळ्यावर पुन्हा दोन त्रिकोण. म्हणून जाताना मी दोन कामं केली. जवळजवळ तीनशे चित्रांचा गठ्ठा, मागे मुलांच्या शब्दांसकट, मॅमकडे ठेवला. आणि शेवटचे दोन महिने मी वर्ग घेतला नाही. मॅमनी घेतला, मी खडू गोळा केले. त्या सुरुवातीला म्हणायच्या, मुझे तो ड्रॉइंग नहीं आती. मी म्हटलं, मॅम, तेच तर तुमचं भांडवल आहे. शुक्रवारचा तास आजही त्या घेतात.

तुमच्यापैकी अनेकांच्या घरी चार-पाच-सहा वर्षांचं कोणीतरी असेल. मुलगा, भाची, नातू. पुण्यात, इंदूरला, बेळगावात, कुठेही. ते आज-उद्या एक कागद घेऊन तुमच्याकडे येईल. तुम्ही फोनमधून मान वर कराल, "अरे वा, छान!" म्हणाल आणि परत फोनमध्ये जाल. तसं करू नका. "छान"ने चित्र तिथेच संपतं. त्याऐवजी विचारा, इथे काय चाललंय? आणि दोन मिनिटं ऐका. हत्ती जांभळा असेल तर असू द्या. आणि काहीही झालं तरी त्याच्या हातातला खडू घेऊ नका.

सुरुवातीला मी तुम्हाला डोंगर काढायला सांगितलं होतं. घरी गेल्यावर तो पुन्हा एकदा काढून बघा. या वेळी तुम्ही खरोखर पाहिलेला. ज्याच्या पायथ्याशी काय होतं, हे तुम्हाला आठवतंय तो.